जीपीएल २ खालचा जुना कोड जीपीएल ३ मध्ये नेता येतो का? सगळ्यांची परवानगी लागते का?

टंकसाळ

नमस्कार मंडळी,

युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारा एक छोटा प्रोग्राम मी सांभाळतो. दिवाळी अंकांच्या जुन्या फायली, संस्थांचे अहवाल, कोणाच्या वडिलांनी पेजमेकरमध्ये लावून ठेवलेला कवितासंग्रह, असं बरंच काही लोक त्यातून सोडवून घेतात. प्रोग्राम मूळचा माझा नाही. ज्यांनी सुरू केला त्यांच्याकडून तो माझ्याकडे आला, आणि मधल्या काळात अनेकांनी त्यात भर घातली.

आता पीडीएफमधून अक्षरं उचलण्यासाठी एक फार चांगली लायब्ररी मिळाली आहे. ती अपाची २.० लायसन्सखाली आहे आणि आमचा प्रोग्राम जीपीएल व्हर्जन २ खाली. (जीपीएल म्हणजे कोड कोणीही वापरा, बदला, पण पुढे वाटताना त्याच अटींवर द्या, असं लायसन्स.) जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या म्हणण्यानुसार अपाची २.० चा कोड जीपीएल ३ बरोबर जोडता येतो, २ बरोबर नाही. म्हणजे आम्हाला ३ वर जायला हवं.

कोड उघडून पाहिला तर तीन तऱ्हा दिसतात. मूळ लेखकाच्या फायलींच्या माथ्यावर ‘व्हर्जन २, किंवा तुमच्या मर्जीनुसार त्यापुढचं कुठलंही व्हर्जन’ अशा अर्थाचं पूर्ण वाक्य आहे. नंतर आलेल्या काही फायलींवर फक्त ‘व्हर्जन २’. आणि फॉन्टचे तक्ते असलेल्या फायलींवर काहीच नाही. सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये कॉपीइंग नावाची फाइल आहे, तिच्यात जीपीएल २ चा मजकूर.

मेंटेनर म्हणून मी हे एकट्याने ठरवू शकतो का?

उंबरठा

कॉपीइंग फाइलमध्ये ३ चा मजकूर टाका, रीडमीत एक ओळ लिहा, झालं. लायसन्स देणाऱ्या संस्थेनेच नवं व्हर्जन काढलंय, तर ते जुन्याची जागा घेणारच ना? सगळं सॉफ्टवेअर असंच अपडेट होतं.

ओसरी

उंबरठा, नाही. हा समज इतका पसरलाय की सविस्तर लिहितो.

लायसन्सचा मजकूर फाउंडेशनने लिहिला, पण तुमच्या प्रोग्रामचं लायसन्स फाउंडेशनने दिलेलं नाही. ते दिलं प्रत्येक ओळ लिहिणाऱ्याने. कॉपीराइट त्या त्या माणसाचा. मेंटेनर कोडची राखण करतो, त्यामुळे तो मालक होत नाही. त्यामुळे २००७ मध्ये जीपीएल ३ आलं म्हणून १९९१ च्या जीपीएल २ खाली दिलेला कोड आपोआप कुठेही जात नाही. देणाऱ्याने काय म्हटलं होतं तेवढंच बघायचं.

टंकसाळ, म्हणून तुमच्या तीन तऱ्हांच्या फायलींची उत्तरं तीन वेगळी आहेत.

‘किंवा त्यापुढचं’ असं लिहिलेल्या फायलींसाठी कोणालाही विचारायची गरज नाही. देणाऱ्याने आधीच मुभा दिली आहे. जीपीएल २ चं कलम ९ वाचा, तिथे हे स्पष्ट आहे. निवड घेणाऱ्याची. जीपीएल ३ जाहीर झालं २९ जून २००७ ला आणि सांबा या फाइल-शेअरिंगच्या प्रोग्रामने जुलैतच सांगून टाकलं की ३.२ पासून पुढे ते ३ खाली जाणार. जीसीसी या कंपायलरचं ४.२.१ हे जीपीएल २ खालचं शेवटचं, ४.२.२ जीपीएल ३ खाली. सांबाला इतक्या झटक्यात जमलं ते फायलींच्या माथ्यावर ते वाक्य होतं म्हणून; जीसीसीचा कॉपीराइट तर फाउंडेशनकडेच होता. फक्त लक्षात ठेवा, जुन्या फायली ज्यांना हव्यात त्यांना त्या आजही २ खाली घेता येतात. मिळालेली मुभा मागे घेता येत नाही. मॅकवरचा बॅश (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) ३.२ वर थांबला तो अजून तिथेच आहे. ३.२ जीपीएल २ खाली होता, ४.० पासून जीपीएल ३ लागू आहे. जुनी प्रत जुन्या अटींवर वापरायचा ॲपलचा हक्क कोणीही काढून घेऊ शकत नाही.

‘फक्त २’ वाल्या फायलींसाठी लेखकाची परवानगी हवी. प्रत्येकाची. दुसरी वाट नाही. मिळाली नाही तर तो भाग काढून नव्याने लिहायचा.

माथ्यावर काहीच नसलेल्या फायली सगळ्यात नाजूक. कलम ९ चं शेवटचं वाक्य म्हणतं की प्रोग्रामने व्हर्जनचा आकडाच सांगितला नसेल तर फाउंडेशनने आजवर काढलेलं कुठलंही व्हर्जन निवडता येतं. पण नुसती जीपीएल २ ची प्रत शेजारी ठेवली, तर आकडा ‘सांगितला’ असं धरायचं की नाही? दोन्ही बाजूंनी बोलता येतं. फाउंडेशनचे संस्थापक स्टॉलमन यांनी यावर एक लेखच लिहिलाय की ‘जीपीएल २ खाली’ एवढंच म्हणू नका, ‘फक्त २’ की ‘२ किंवा पुढचं’ ते स्पष्ट लिहा. एसपीडीएक्स म्हणजे लायसन्सांसाठी ठरवलेल्या खुणांची यादी, तिच्यातही आधी जीपीएल २ साठी आखूड खूण होती, ती बाजूला सारून ‘ओन्ली’ आणि ‘ऑर लेटर’ अशा दोन वेगळ्या खुणा केल्या त्या याच गोंधळापायी.

मी तुमच्या जागी असतो तर तिसऱ्या तऱ्हेच्या फायलींसाठीही विचारलं असतं. कलमाचा फायदा घेता येईल, पण ज्याने तक्ता बसवायला रात्री जागवल्या त्याला एक ईमेल करणं आपलं कामच आहे.

उंबरठा

बरं, लायसन्स कोण देतं हेच मी चुकीचं धरलं होतं, पटलं. पण मग सरळ प्रश्न: ‘किंवा त्यापुढचं’ लिहिणं शहाणपणाचं आहे का? उद्या नवं व्हर्जन कोण लिहिणार, त्यात काय असणार, मला आज माहीत नाही. कोऱ्या चेकवर सही करण्यासारखं आहे ते. लिनक्सने हे नाकारलं ते योग्यच केलं.

ओसरी

लिनक्सचं उदाहरण बरोबर आहे, आणि त्याचा इतिहास नीट बघण्यासारखा आहे.

१९९१ मध्ये पहिला लिनक्स आला तेव्हा त्याचं लायसन्स तो लिहिणाऱ्या टॉरवाल्ड्स यांचं स्वतःचं होतं. वाटताना पैसे घ्यायचे नाहीत अशी त्यात अट होती. १९९२ च्या सुरुवातीला ते जीपीएलवर आले. कॉपीइंग फाइल जीपीएल २ ची, आणि व्हर्जनबद्दल वेगळं काही नाही. म्हणजे तुमची तिसरी तऱ्हा, टंकसाळ. २००० मध्ये २.४ च्या चाचणी आवृत्तीत टॉरवाल्ड्स यांनी कॉपीइंगच्या माथ्यावर खुलासा घातला: कर्नलपुरतं (म्हणजे लिनक्सच्या गाभ्यापुरतं) हेच व्हर्जन, म्हणजे २, लागू आहे, वेगळं स्पष्ट लिहिलं असेल तिथे सोडून. जीपीएल ३ यायला तेव्हा सात वर्षं होती.

२००६ मध्ये ३ चा मसुदा फिरायला लागल्यावर त्यांनी कर्नल त्याखाली जाणार नाही हे उघड सांगितलं, आणि कर्नलच्या बड्या डेव्हलपरांनीही मसुद्याविरुद्ध निवेदन काढलं. मुख्य वाद टिवोचा. टिवोच्या व्हिडिओ रेकॉर्डरमध्ये लिनक्स होता, सोर्सही देत होते, पण बदललेला कोड त्या यंत्रावर चालत नसे, कारण यंत्र कोडवरची कंपनीची डिजिटल सही तपासायचं. जीपीएल ३ म्हणतं की घरगुती वापराचं यंत्र असेल तर बदललेला कोड त्यावर बसवायला लागणारी माहितीही द्या. टॉरवाल्ड्स यांचं म्हणणं, कोड परत मिळाला की माझा सौदा पूर्ण झाला, यंत्र ज्याचं त्याचं.

मला स्वतःला इथे फाउंडेशनची बाजू पटते. जो यंत्र विकत घेतो त्याला ते दुरुस्त करता यायला हवं. पण टॉरवाल्ड्स यांचा निर्णय प्रामाणिक होता, कारण त्यांनी दुसऱ्यांच्या कोडवर स्वतःची मर्जी लादली नाही. आज त्यांनी मन बदललं तरी त्यांच्या हातात काही नाही. हजारो लोकांच्या ओळी आहेत, त्यातले काही आता हयात नाहीत.

आणि एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. जीपीएल ३ मधला एक चांगला भाग कर्नलने नंतर घेतला. २ मध्ये अट मोडली की हक्क तत्क्षणी जातो. ३ मध्ये चूक सुधारली तर तो परत मिळण्याची तरतूद आहे. २०१७ मध्ये अनेक कर्नल डेव्हलपरांनी जाहीर केलं की आपल्यापुरती ही सवलत आम्ही देतो. लायसन्स न बदलता जास्तीची मुभा देता येते, कारण ती प्रत्येक जण आपल्या ओळींपुरती देऊ शकतो.

पाटीपेन्सिल

‘कोरा चेक’ वरून लिहिते. मी मराठी विकिपीडियावर जुनी संपादक आहे. उंबरठा, त्या कोऱ्या चेकमुळेच आपलं सगळं लिखाण वाचलं.

विकिपीडिया सुरुवातीपासून जीएफडीएल या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्याच दुसऱ्या लायसन्सखाली होता, मराठीसुद्धा. ते लायसन्स मुळात सॉफ्टवेअरच्या छापील पुस्तिकांसाठी केलेलं. लेखासोबत लायसन्सचा पूर्ण मजकूर जोडायचा. एका पानाचा लेख शाळेत वाटायचा तर त्यामागे अनेक पानांचं लायसन्स. शिवाय जगभर बाकीचे लोक क्रिएटिव्ह कॉमन्स वापरायला लागले होते, त्यांच्याशी देवघेव बंद.

लाखो संपादक, त्यातले कित्येक फक्त आयपी पत्त्याने ओळखले जाणारे. परवानगी मागणार कोणाकडे? पण प्रत्येक संपादनाच्या खाली ‘१.२ किंवा त्यापुढचं व्हर्जन’ होतं. तेव्हा फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने ३ नोव्हेंबर २००८ ला जीएफडीएल १.३ काढलं. त्यात कलम ११ नवं. विकीसारख्या सामूहिक संकेतस्थळांना आपला मजकूर १ ऑगस्ट २००९ च्या आत सीसी बाय-एसए ३.० (क्रिएटिव्ह कॉमन्सचं ‘श्रेय द्या, त्याच अटींवर वाटा’ लायसन्स) खालीही देता येईल. आणि बाहेरून आणलेला मजकूर १ नोव्हेंबर २००८ नंतरचा असेल तर त्याला ही सवलत नाही. तारीख लायसन्स जाहीर होण्याच्या दोन दिवस आधीची ठेवली, म्हणजे बातमी कळल्यावर कोणी दुसऱ्याचं जीएफडीएल साहित्य घाईने विकीवर ओतून त्याचं लायसन्स बदलून घेऊ नये.

कायद्याने मतदानाची गरज नव्हती, तरी विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने ते घेतलं. सतरा हजारांवर लोकांनी मतं दिली, त्यातली सुमारे तीन चतुर्थांश बाजूने. जून २००९ पासून बदल लागू झाला. मला या सगळ्यात हे मतदान सगळ्यात मोलाचं वाटतं. हक्क होता तरी विचारलं.

२०२३ मध्ये ३.० वरून ४.० वर जाणं त्यामानाने सोपं गेलं, कारण ३.० मध्येच रूपांतरित मजकूर पुढच्या व्हर्जनखाली देण्याची सोय आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या १.० मध्ये मात्र ती नव्हती, २.० पासून आली. त्यामुळे १.० खालचं जुनं काही हाताशी आलं तर जपून.

उंबरठा

हे माहीत नव्हतं. पण यात फाउंडेशनने चेकवर भला आकडा लिहिला. नेहमी लिहीलच असं नाही. माझी शंका तशीच आहे.

दूरदेशी

म्यूनिकहून. उंबरठा यांच्या शंकेवर केडीई या डेस्कटॉप बनवणाऱ्या प्रकल्पाने काढलेला तोडगा मला आवडतो. त्यांच्या धोरणात एक मान्य मजकूर असा आहे: जीपीएल २ किंवा ३, किंवा केडीई ई.व्ही. या संस्थेच्या सभासदांनी मान्य केलेलं पुढचं व्हर्जन. म्हणजे पुढचं दार उघडं, पण किल्ली आपल्याच सभासदांकडे. जीपीएल ३ च्या कलम १४ मध्येही असा प्रतिनिधी नेमण्याची सोय आहे. छोट्या मराठी प्रकल्पांनी हे जरूर वापरावं.

आता ज्यांनी हे आधी केलं नाही त्यांचं काय होतं ते सांगतो. मोझिलाने आपला कोड एमपीएल या स्वतःच्या लायसन्सबरोबर जीपीएल आणि एलजीपीएल (जीपीएलचं सैल रूप) खालीही देण्याचं काम २००१ मध्ये हाती घेतलं आणि ते संपलं २००६ मध्ये. चारशेहून अधिक लोकांची परवानगी गोळा करायची होती. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरने आपलं इंजिन आणि मग मॉड्यूल जीपीएलवरून एलजीपीएलवर नेली तेव्हा दोनशेहून अधिक डेव्हलपरांना एकेक करून गाठलं, आणि जिथे जमलं नाही तिथे कोड पुन्हा लिहिला. ओपनस्ट्रीटमॅपने २०१२ मध्ये लायसन्स बदललं तेव्हा ज्यांनी होकार दिला नाही त्यांनी काढलेले रस्ते नकाशातून पुसले. तुम्ही गावोगाव फिरून नोंदवलेला रस्ता पुसला जाताना बघणं सोपं नसणार, पण ते प्रामाणिक होतं.

ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीने २०१७ मध्ये अपाचीवर जाण्यासाठी जुन्या लेखकांना ईमेल पाठवली. तिच्यात उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं समजू, अशा अर्थाचं वाक्य होतं. त्यावर खूप टीका झाली, ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या लोकांकडून तर फारच. टीका योग्य होती. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. नव्या लायसन्सचं ३.० अखेर सप्टेंबर २०२१ मध्ये आलं.

आणि काहींना जमतच नाही. लिब्रेडीडब्ल्यूजी ही ऑटोकॅडच्या फायली वाचणारी लायब्ररी जीपीएल ३ खाली आहे. लिब्रेकॅड या आराखडे काढायच्या प्रोग्राममध्ये त्याच्या पूर्वजाकडून, क्यूकॅडकडून, आलेला ‘फक्त २’ वाला कोड. दोन्ही मुक्त, दोन्हींना एकमेकांची गरज, आणि जोडता येत नाहीत. लायब्ररीचं लायसन्स सैल करा अशी विनंती फाउंडेशनला केली गेली, त्यांनी नाकारली.

टंकसाळ, तुमच्यासाठी तात्पुरता उपाय: पीडीएफ वाचणारी लायब्ररी स्वतंत्र छोट्या प्रोग्राममध्ये ठेवा. तो मजकूर काढून पाइपमधून देईल, तुमचा प्रोग्राम तो घेईल. दोन वेगळे प्रोग्राम म्हणून राहिले तर लायसन्सचं भांडण तिथे येत नाही. परवानग्या येईपर्यंत लोकांची कामं अडायला नकोत.

काळा_कोट

मी वकिली करते, नागपूर. इथे लिहिते ते सल्ला म्हणून धरू नका, कागद पाहिल्याशिवाय सल्ला देत नसते. पण कॉपीराइट कायदा १९५७ मधल्या चार गोष्टी या धाग्यात यायला हव्यात.

कॉन्ट्रिब्युटर, म्हणजे कोड देणारा, नोकरीत असेल आणि तो कोड त्याच्या नोकरीच्या कामाचा भाग असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक नोकरी देणारा असतो, कलम १७. तेव्हा कंपनीच्या ईमेल पत्त्यावरून आलेला पॅच (कोडमधली भर) दिसला तर त्या माणसाचा होकार पुरेलच असं नाही. घरी रविवारी केला असेल तर गोष्ट वेगळी. विचारा.

लेखक वारला असेल तर हक्क वारसांकडे जातो आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. आपल्याकडे सॉफ्टवेअर ‘साहित्यकृती’ त मोडतं. जी मुदत कादंबरीला, तीच तुमच्या वेलांटीच्या नियमांना.

लायसन्स लेखी हवं, कलम ३०. फोनवर ‘कर रे, माझं काय जातंय’ म्हणाला, ते पुरत नाही. ईमेल घ्या आणि ती कोडच्या शेजारी, रेपॉझिटरीत, जपून ठेवा.

चौथी गोष्ट, कोणी सुचवेल की सगळ्यांकडून कॉपीराइटच लिहून घ्या. घ्या, पण मुदत आणि प्रदेश लिहा. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचं धरलं जातं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं. परदेशातला तयार नमुना उतरवून घेणाऱ्या प्रकल्पांना हे माहीतच नसतं.

तक्त्यांबद्दल: ‘या फॉन्टमधलं अमुक चिन्ह म्हणजे युनिकोडमधलं तमुक अक्षर’ एवढंच असेल तर त्यात हक्क निर्माण होतो का याचीच शंका आहे. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या कष्टांवर कॉपीराइट मिळत नाही, किमान कौशल्य आणि निर्णयबुद्धी दिसली पाहिजे, असं म्हटलं. चिन्ह कुठे आहे हे फॉन्ट ठरवतो, तक्ता लिहिणारा नव्हे. तरी मी यावर विसंबून राहणार नाही.

टंकसाळ

काळा_कोट ताई, तक्त्यांमध्ये सरळ जोड्याच आहेत. पण त्यांच्याशेजारी एक फाइल आहे, तिच्यात खरी मेहनत आहे. जुन्या फॉन्टमध्ये ‘कि’ टाइप करताना ऱ्हस्व वेलांटी आधी येते आणि ‘क’ नंतर, युनिकोडमध्ये उलट. नुसतं पुढे सरकवून भागत नाही, जोडाक्षर असेल तर पूर्ण जोडाक्षर ओलांडावं लागतं. ‘स्थिती’ त वेलांटी ‘स्थ’ च्या पुढे जायला हवी, मध्ये घुसली की शब्द मोडतो. रफाराचं याच्या उलट, तो अक्षराच्या डोक्यावर शेवटी येतो आणि युनिकोडमध्ये आधी न्यावा लागतो. ही फाइल ‘फक्त २’ वाली आहे, आणि तिच्या लेखकाचा जुना पत्ता आता बंद आहे.

बाकीच्यांना पाठवायचं पत्र असं केलंय:

‘आपण या प्रोग्रामला दिलेला कोड जीपीएल व्हर्जन २ खाली आहे. तो जीपीएल व्हर्जन ३ खाली देण्यास आपली संमती आहे का? असल्यास या ईमेलला ‘संमती आहे’ असं उत्तर द्यावं.’

ओसरी

या पत्राने तुम्ही पुन्हा इथेच याल. ‘३’ म्हणालात तर ‘फक्त ३’ होतं आणि ४ आलं की सगळी दारं परत ठोठवायची. शिवाय तुम्ही २ काढून घेताय असा अर्थ होतो. ‘व्हर्जन २, किंवा त्यापुढचं कुठलंही’ असं मागा, म्हणजे आज कोणाचं काही जात नाही. उंबरठा यांच्यासारखी ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी ‘२ किंवा ३’ हा दुसरा पर्याय खाली द्या. निवड त्यांची.

काळा_कोट

आणि ‘आजवर दिलेला सर्व कोड’ असं लिहा, नाहीतर नेमका कोणता पॅच यावर पुढे प्रश्न येतो. ‘हा कोड देण्याचा हक्क माझ्याकडे आहे, तो नोकरीच्या कामाचा भाग नव्हता’ हे वाक्यही त्यांच्याकडून घ्या. उत्तर आलं नाही तर काय, हे पत्रात लिहूच नका. उत्तर नाही म्हणजे संमती नाही.

पाटीपेन्सिल

मालक एकच असला की किती सोपं होतं बघा. १९९९ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठाने बीएसडी लायसन्समधलं जाहिरातीचं कलम एका पत्राने काढून टाकलं, कारण कोड त्यांचा होता. इतरांनी तेच कलम वापरून लिहिलेल्या कोडवर त्या पत्राचा काही परिणाम झाला नाही. आपला लोहित फॉन्टही रेड हॅटचा, म्हणून जीपीएलवरून ओएफएल या फॉन्टसाठीच्या लायसन्सवर विनासायास गेला. पण म्हणून सगळं एका मालकाकडे द्यावं असं मला मुळीच वाटत नाही. एकच मालक उद्या कुलूपही लावू शकतो. मोंगोडीबी या डेटाबेसच्या कंपनीने २०१८ मध्ये एजीपीएल (जीपीएलचं सर्व्हरसाठीचं कडक रूप) सोडलं ते कॉन्ट्रिब्युटरांकडून आधीच करार करून घेतले होते म्हणूनच जमलं.

उंबरठा

मी ‘२ किंवा ३’ वालाच राहीन, पण मदत करतो. वेलांटी आणि रफाराची ती फाइल मी कधी उघडलेली नाही. मला फक्त काय आत जातं आणि काय बाहेर यायला हवं याची उदाहरणं द्या, मी कोरी लिहून देतो.

टंकसाळ

फार आभार. उदाहरणांची यादी आज रात्री टाकतो: ‘स्थिती’, ‘शक्ती’, ‘कार्तिक’, ‘दुर्दैव’, ‘निर्विघ्न’, ‘पूर्वीच्या’, आणि वेलांटी-रफार एकाच अक्षरावर येणारे बाकीचे शब्द. ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’ वेगळे पाठवतो, ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ मध्ये गल्लत व्हायला नको.

ओसरी

उंबरठा, लिहून होईपर्यंत जुनी फाइल उघडू नका आणि टंकसाळ, तुम्ही तिच्यातल्या युक्त्या त्यांना सांगू नका. फक्त शब्द द्या, म्हणजे नवी फाइल जुनीची नक्कल ठरणार नाही. नव्या फाइलच्या माथ्यावर एसपीडीएक्सची खूण पहिल्याच दिवशी घाला. मूळ लेखकाच्या फायलींचे मथळे आहेत तसेच राहू द्या.